विहिरी काठोकाठ असताना रस्त्याचं पाणी जिरवायचं कुठे?

कोकणात एखाद्या गावात रस्त्यावर पाणी तुंबायला लागलं की पहिला उपाय ठरलेला असतो: कडेला शोषखड्डा मारा. खड्डा बहुतेक वेळा मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत काम उरकायच्या घाईत खणला जातो. तळाशी कोरडी, भुसभुशीत माती लागते. टँकर ओतून पाहिला तर पाणी बघता बघता नाहीसं होतं. जुलैच्या मध्यावर त्याच खड्ड्याच्या झाकणातून पाणी उलटं वर येत असतं. मापं बरोबर असतात, खडीही पुरती भरलेली असते. चुकलेला असतो तो महिना.

आधी पाण्याचा हिशोब मांडू. रस्ता 5.5 मीटर रुंद आणि तुकडा 100 मीटर लांब धरला तर क्षेत्रफळ 550 चौरस मीटर होतं. पाऊस तासाला 50 मिमी धरू. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी तासाला 25 मिमीच्या हिशोबाने बांधलेली होती आणि पुढे ब्रिमस्टोवॅड या पावसाचं पाणी निचरा करण्याच्या योजनेत तो आकडा 50 केला, म्हणजे ही काही अवास्तव कल्पना नाही. डांबरावर पडलेल्यापैकी 90 टक्के पाणी वाहून कडेला येतं असं धरलं, तर तासाभरात सुमारे 25 घनमीटर, म्हणजे 25 हजार लिटर. सेकंदाला जवळपास 7 लिटर.

आता नेहमीचा शोषखड्डा घ्या: दीड मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. आकारमान 3.4 घनमीटर. पण खडी भरल्यावर पोकळी उरते 40 टक्के, म्हणजे पाणी मावतं 1.35 घनमीटर. रस्त्याचं सगळं पाणी त्यात सोडलं तर तो सव्वातीन मिनिटांत भरतो. उरलेल्या तासात खड्डा किती जिरवू शकतो, यावरच सगळं अवलंबून. ऑगस्टमध्ये भूजल जमिनीखाली 80 सेंटीमीटरवर असेल, तर खड्ड्याचा खालचा 70 सेंटीमीटर भाग पाऊस यायच्या आधीच भरलेला असतो. साठवण निम्म्यावर येते आणि तळातून खाली जिरणं जवळजवळ थांबतं, कारण खाली जायला जागाच नसते. पाणी फक्त बाजूंनी, तेही सावकाश सरकतं. अशा जागी खड्डा आणखी खोल करणं म्हणजे पैसे देऊन विहीर खणणं.

खड्ड्याखालची कोरडी माती

जिरवण्याची खरी क्षमता खड्ड्यात नसते, खड्ड्याच्या तळापासून भूजलापर्यंत जी कोरडी माती असते तिच्यात असते. ती किती पाणी सामावते? वाळूत पाणी भरू शकेल अशी मोकळी जागा ढोबळमानाने 20 टक्के धरतात. म्हणजे 1 मीटर कोरड्या वाळूत 200 मिमी पाणी मावतं, जास्त नाही. चिकण मातीत हे प्रमाण 5 टक्के किंवा त्याहूनही कमी.

वरच्या रस्त्याचं पाणी 1 मीटर रुंदीच्या चरात सोडलं असं समजा. साडेपाच मीटर रुंदीवरचा पाऊस एका मीटरवर गोळा झाला. 50 मिमी पाऊस पडला की चराच्या तळावर सुमारे 250 मिमी पाणी आलं. वाळूच्या 20 टक्के पोकळीत ते बसवायचं तर भूजल तिथे सव्वा मीटर वर चढायला हवं. प्रत्यक्षात पाणी बाजूला पसरतं म्हणून इतकं चढत नाही, पण खाली फुगवटा नक्की तयार होतो आणि तो वर येऊन तळाला टेकला की जिरणं मंदावतं. म्हणूनच तेवढंच पाणी एका खोल खड्ड्यात कोंबण्यापेक्षा लांबवर, उथळ पसरवलेलं बरं. रस्त्याचं क्षेत्रफळ जिरवण्याच्या क्षेत्रफळाच्या पाचपटीच्या फार पुढे जाऊ देऊ नये, हा आमचा ढोबळ नियम.

ही कोरडी माती गाळणीचंही काम करते. रस्त्याच्या पाण्यात गाडीचं तेल, टायरची भुकटी, जस्त आणि तांब्याचे अंश, शेण असं सगळं असतं. पहिल्या दोन-तीन पावसांत सर्वांत जास्त. माती आणि हवा यांच्या सोबतीने त्यातलं बरंच अडतं किंवा कुजून जातं. पाणी थेट भूजलात सोडलं तर काहीच अडत नाही, आणि आगरातली (नारळी-पोफळीच्या बागेतली) विहीर रस्त्यापासून दहा पावलांवर असते. सांडपाण्याच्या शोषखड्ड्यासाठी भारतीय मानकं पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर आणि घरापासून 6 मीटर अंतर मागतात. रस्त्याच्या पाण्यालाही निदान तेवढं अंतर द्यावं.

किती थर कोरडा हवा? ब्रिटनमधल्या प्रचलित सूचनांत तळ आणि भूजलाची सर्वोच्च पातळी यांत किमान 1 मीटर मागितला जातो. आपल्याकडे केंद्रीय भूजल मंडळ पुनर्भरणासाठी जागा निवडताना पावसाळ्यानंतरही पाणी 3 मीटरपेक्षा खोल असलेलं क्षेत्र पाहतं. किनारपट्टीचा बराचसा भाग त्या कसोटीत बसतच नाही. त्यामुळे तिथे रस्त्याचं पाणी जिरवणं हा विहिरी भरण्याचा कार्यक्रम नाही. छोट्या-मध्यम सरी रस्त्यावर न तुंबता मुरल्या, एवढंच त्याचं काम.

ऑगस्टची पातळी कशी काढायची

सर्वांत सोपा पुरावा विहिरीच्या बांधकामावर असतो. पाणी महिनोन् महिने जिथे टेकतं तिथे शेवाळाची आणि रंगाची ठळक रेघ उमटलेली असते. काठापासून त्या रेघेपर्यंत टेप लावा. विहिरीचा काठ जमिनीपेक्षा उंच बांधलेला असतो, ती उंची वजा करायला विसरू नका.

दुसरा पुरावा मातीचा. हाताने फिरवायच्या ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) दीड-दोन मीटर भोक पाडा आणि निघालेली माती क्रमाने पोत्यावर मांडत जा. वर एकसारखी तांबडी किंवा तपकिरी माती दिसेल. एका खोलीपासून तिच्यात राखाडी डाग आणि गंजासारखे नारिंगी ठिपके दिसू लागतात. हवा कोंडली की मातीतलं लोह विरघळून जातं आणि माती राखाडी पडते. हवा परत आली की लोह ठिपक्यांच्या रूपात साकळतं. म्हणजे ठिपके जिथून सुरू होतात तिथपर्यंत पाणी दरवर्षी चढतं. मे महिन्यात भोक कोरडं असलं तरी हा पुरावा खोटं बोलत नाही. फक्त जांभ्याच्या मातीत सावध राहा, तिच्यात मुळातच लोहाचे रंगीबेरंगी डाग असतात. कडेला लव्हाळा माजलेला असेल तर तीही एक खूण.

तिसरा उपाय थोडा वेळ खातो, पण पक्का आकडा तोच देतो. त्याच भोकात 75 मिमीचा पीव्हीसी पाइप उभा करा. खालच्या एक मीटरला हॅकसॉने आडव्या फटी पाडा, त्यावर पातळ कापड गुंडाळा, भोवती जाड वाळू भरा आणि वरचा 30 सेंटीमीटर भाग चिखलाने लिंपून टाका, नाहीतर वरचंच पाणी आत उतरेल. टेपच्या टोकाला खडू फासून आत सोडला की ओली झालेली रेघ दिसते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा मोजा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटी दोन्ही वेळा मोजा आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, कमी चढणाऱ्या) भरतीलाही एकदा. वाळूच्या जमिनीत किनाऱ्याजवळचं भूजल भरतीबरोबर, थोडं मागाहून, वर-खाली होतं. देवबागसारखी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी असलेली चिंचोळी पट्टी असेल तर हे मोजल्याशिवाय आराखडा काढण्यात अर्थ नाही.

मुरण्याचा वेग, आणि त्यातली नेहमीची चूक

जिथे चराचा तळ येणार त्याच पातळीवर 300 मिमी लांब-रुंद खड्डा घ्या. पहारीने घोटलेल्या भिंती खरवडा, तळाला मूठभर खडी टाका. आदल्या दिवशी दोन-तीनदा भरून माती ओली होऊ द्या. कोरडी माती सुरुवातीला पाणी ओढते आणि आकडा फुगवते. मग 200 मिमीपर्यंत पाणी भरून ते 100 मिमीवर यायला किती वेळ लागतो ते पाहा. सलग तीन वेळा करा, शेवटचा आकडा धरा.

समजा 33 मिनिटं लागली. तासाला सुमारे 180 मिमी. बहुतेक अंदाजपत्रकांत हाच आकडा जसाच्या तसा जातो, आणि इथेच गाडी घसरते. छोट्या खड्ड्यात पाणी तळापेक्षा भिंतींतून जास्त जातं. तळ 0.09 चौरस मीटर आणि सरासरी 150 मिमी पाण्याला भिडणाऱ्या चार भिंती 0.18 चौरस मीटर, एकूण 0.27. म्हणजे खरा वेग एक तृतीयांश, तासाला 60 मिमी. त्यात पुढे गाळ बसणार म्हणून निम्मा करा: 30 मिमी. आराखड्यात 30 घालायचा.

खड्डा खणल्यावर त्यात आपोआप पाणी येऊ लागलं तर चाचणी तिथेच संपली. त्या पातळीवर काही जिरणार नाही.

जागेप्रमाणे उत्तर बदलतं

गुहागर, दिवेआगर, तारकर्ली अशा पुळणीवरच्या (किनाऱ्याच्या वाळूवरच्या) गावांत वाळू पाणी झपाट्याने ओढते, पण खाली गोड्या पाण्याचा थर पातळ असतो आणि पावसाळ्यात तो फार वर येतो. इथे उथळ, पसरट पद्धत चालते. खाजणात आणि खारजमिनीत जिरवण्याचा विचारच सोडा. चिकणमाती, वर भरतीचं पाणी. तिथे साठवायचं आणि ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या दारातून) सोडायचं. सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) जांभा पाणी गिळतो आणि लोक खूश होतात. पण जांभ्याखाली बहुधा मऊ चिकण थर असतो, पाणी त्यावरून आडवं घसरत कड्याच्या कुशीतून बाहेर पडतं. खाली घरं, गडगा किंवा रस्त्याची उभी कापलेली दरड असेल तर वर एक बादलीही मुद्दाम जिरवू नये. तिथे काँक्रीटचं गटार बांधून पाणी व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) नेणं हेच बरोबर.

पसरट चर कसा बांधायचा

पुळणीच्या किंवा वाळूमिश्रित जमिनीत, ऑगस्टमध्ये पाणी निदान 2 मीटर खाली राहत असेल, तर ही रचना काम देते. वर उथळ गवती चर, खाली खडीचा थर.

गवती चराचा तळ 1 मीटर रुंद, खोली 250 ते 300 मिमी, बाजू 1 ला 3 उताराच्या, म्हणजे गाडीचं चाक उतरलं तरी उलटत नाही. लांबीचा उतार 0.5 ते 1 टक्का. उतारावर पाणी पळू नये म्हणून चिऱ्यांचे 150 मिमी उंच आडवे बांध. 1 टक्का उतारावर अशा बांधामागे पाणी 15 मीटरपर्यंत तुंबतं, त्यामुळे बांधही 15 मीटरवर. बांधाच्या खालच्या बाजूला अर्धा मीटर दगड पसरा, नाहीतर उडी मारणारं पाणी तिथेच खळगा पाडेल.

चराखाली 150 मिमी वाळूमिश्रित माती, त्यावर गवत. तिच्याखाली 20 ते 40 मिमीच्या खडीचा 600 मिमी थर, आणि सर्वांत तळाला 100 मिमी जाड वाळू. एकूण खोदाई जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत राहते. भूजल 2 मीटरवर असेल तर मधे जेमतेम 80 सेंटीमीटर उरतात, म्हणून अशा ठिकाणी खडीचा थर 400 मिमीच ठेवा आणि तूट रुंदीने भरून काढा. भूजल 1.2 मीटरच्या वर येत असेल तर खडी पूर्ण वगळा. फक्त गवती चर, त्यात जे मुरेल ते मुरेल, बाकीचं पुढे रस्त्याखालच्या मोरीकडे.

जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) बाजूंना आणि खडीच्या डोक्यावर लावा, तळाला नको. तळाला कापड घातलं की बारीक माती त्याच्यावर साचून त्याची चटई होते; वाळूचा थर त्यापेक्षा जास्त वर्षं टिकतो. 1 मीटर रुंद आणि 600 मिमी खडीच्या चराला दर 100 मीटरमागे 60 घनमीटर, म्हणजे सुमारे 21 ब्रास खडी आणि चढवणीसकट 250 चौरस मीटर कापड लागतं. खडी काळ्या दगडाचीच घ्या. जांभ्याचे तुकडे स्वस्त पडतात, पण झिजून त्यांची माती होते. आणि खडी धुतलेली हवी. ट्रकमधून ओंजळभर खडी काढून बाटलीतल्या पाण्यात टाका आणि हलवा: पाणी ताकासारखं झालं तर तो चुरा उद्या तुमच्या तळावर बसणार आहे. ट्रक परत पाठवा, किंवा उतरवून घेऊन धुवा.

अशा चराचा हिशोब: पोकळी जपून 35 टक्के धरली तर साठवण 21 घनमीटर. तळ 100 चौरस मीटर आणि वेग 30 मिमी, म्हणजे तासाला 3 घनमीटर मुरतं. 50 मिमीच्या तासाभराच्या सरीचे 25 घनमीटर जवळजवळ सामावतात आणि पाऊस थांबला तर चर सात तासांत रिकामा होतो. पाऊस थांबला तर! कोकणात तो थांबत नाही. दुसऱ्या तासाचं पाणी बाहेर काढायला वाट हवीच. खडीच्या डोक्याजवळ 110 मिमीचा भोकं पाडलेला पाइप टाकून तो व्हाळाला किंवा मोरीला जोडा. वरच्या चरालाही तशीच मोकळी सांडवाट ठेवा. हा पाइप तळाला टाकायचा मोह आवरा. भूजल त्या पातळीला आलं की पाइप रस्त्याचं नाही, आख्ख्या वाडीचं भूजल उपसायला लागतो आणि सप्टेंबरपर्यंत वाहत राहतो.

पाइप खाडीत सुटत असेल तर तोंडाला रबराची झडप बसवा आणि भरतीच्या तीन तासांत झडप बंद राहणार हे धरून चाला. त्या वेळात तासाला 20 मिमी पाऊस आला तरी दर 100 मीटर रस्त्यामागे 30 घनमीटर पाणी कुठेतरी थोपवावं लागतं.

रस्त्याच्या पायाचीही काळजी घ्यायची आहे. भरलेल्या चरातली पाण्याची पातळी रस्त्याच्या खडीथरांच्या तळापेक्षा खाली राहिली पाहिजे, नाहीतर साईडपट्टीपासून सुरू होऊन डांबर बसत जातं. चर डांबराच्या कडेपासून दीड मीटर तरी लांब आणि रस्त्याच्या बाजूला जाड प्लास्टिकचा पडदा. दोन्हीकडे गडगे आणि मधे जेमतेम एसटी जाईल एवढा रस्ता, अशी जागा असेल तर हे बसणार नाही. ते तसंच मान्य करून बंद गटार करावं.

काय बिघडतं

पहिला शत्रू तांबडी माती. साईडपट्टी उघडी असताना चर जोडला की पहिल्याच पावसात सगळा गाळ आत जातो. काम दिवाळीनंतर सुरू करून गवत रुजेपर्यंत तोंडं वाळूच्या गोण्यांनी बंद ठेवा. खणताना जेसीबी कडेला उभा राहील, चरात उतरणार नाही. चाकांनी तळ दबला की मुरणं संपलं. दबलाच तर दाताळ्याने 100 मिमी उकरून मगच वाळू टाका.

रस्त्याचं पाणी जिथे एका तोंडातून आत येतं तिथे गाळकुंडी हवी: साधारण 900 मिमी लांब, 600 रुंद, 900 खोल, बाहेर जाणारा पाइप तळापासून 450 मिमीवर आणि त्याच्या तोंडाला खाली वळवलेला टी, म्हणजे तेल आणि प्लास्टिक वरच तरंगत राहतं. कुंडीत पाणी साचून राहतं, म्हणून पावसाने ओढ दिली की डासांचं बघावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा उपसली तरी भागतं.

प्लास्टिकच्या पोकळ पेट्या किंवा टाक्या हल्ली खडीऐवजी सुचवल्या जातात. पोकळी 90 टक्क्यांच्या वर, जागा कमी. भूजल वर असलेल्या जागी त्या घेऊ नका. भोवती पातळ ताडपत्री गुंडाळलेली 1 घनमीटरची रिकामी पेटी पाण्याखाली गेली की तिला वरच्या दिशेने 1000 किलोचा रेटा बसतो. डोक्यावर अर्धा मीटर भिजलेली माती असेल तर पाण्यातलं तिचं वजन जेमतेम 500 किलो. पेटी रस्ता फोडून वर येते. उघड्या जाळीची पेटी तरंगणार नाही, पण मग ती भूजलानेच भरलेली राहते, म्हणजे पैसे वायाच. खडीचा चर तरंगत नाही, स्वस्त असतो आणि गवंड्याला समजतो.

आणखी एक तक्रार उशिरा येते: चर झाल्यापासून शेजारच्या घराचं शौचालय उलटतंय. रस्त्याच्या पाण्याने भूजल थोडं वर ढकललं की घराचा मैल्याचा शोषखड्डा बुडतो आणि त्यातलं पाणी विहिरीकडे सरकतं. म्हणून आराखड्यात विहिरी जशा दाखवतात तसे चराच्या दोन्ही बाजूंच्या 20 मीटरमधले शौचालयांचे खड्डेही दाखवा. दिसायला किरकोळ काम आहे, पण घरोघरी विचारत फिरावं लागतं, म्हणून ते टाळलं जातं.

देखभाल फार नाही. मृगाच्या आधी गाळकुंड्या उपसा, गणपतीच्या सुमारास एकदा, आणि ऑक्टोबरात चरातलं गवत कापून उचलून न्या. तिथेच टाकलं तर पुढच्या वर्षी त्याचाच गाळ होतो. मोजणीचा पाइप काम झाल्यावर उपटून टाकू नका. पावसाने उघडीप दिल्यावर तिसऱ्या दिवशीही चरात पाणी दिसलं तर त्या पाइपमध्ये टेप सोडा. पाइपमधलं पाणी चराच्या तळाच्या बरंच खाली असेल तर वरची माती बुजली आहे, ती 150 मिमी खरवडून बदलली की काम होतं. पाणी तळाला टेकलेलं असेल तर माती बदलून उपयोग नाही, सांडवाट 100 मिमी खाली घ्यावी लागेल.